म्हणजे आमच्याकडून

जानेवारीत आमच्या लोकल गाडीच्या ग्रुपने वाईची सहल काढली होती. अकरा जणी, एक टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे पाचला बोरिवलीहून निघालेली. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, मिसळ झाली आणि उन्हं चढायच्या आत आम्ही मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर पोचलो. त्या दिवसांत कृष्णेचं पाणी उतरलेलं असतं, हिरवट आणि संथ. पायऱ्यांच्या दगडांनी रात्रीची थंडी अजून धरून ठेवली होती. घाटावर एका छोट्या दगडी बांधकामात ती मोठी घंटा टांगलेली आहे. मी ती आधी दोनदा पाहिलेली, म्हणून माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मन लावून केलं. वसईचा वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला बोललेला नवस, किल्ला पडल्यावर तिथल्या चर्चांमधून उतरवून देवळादेवळांत गेलेल्या घंटा. ‘आपल्या चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून जिंकून आणलेली ही घंटा,’ हे माझं शेवटचं वाक्य. या वाक्यावर टाळ्या पडतात हा अनुभव होता. त्या दिवशीही दोघी-तिघींनी वाजवल्या.

आमच्यातली एक जण वसईची आहे. कुपारी ख्रिस्ती, घरी कादोडी बोलणारी, फोर्टमधल्या एका बँकेत कामाला. गेली नऊ वर्षं अंधेरीला ती उठते आणि तिच्या जागेवर मी बसते. ती घंटेच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. त्या बाजूला बाळाला कडेवर घेतलेल्या मरियमची उठावाची आकृती आहे, आणि घंटेवर १७०७ हे सालही आहे. तिने त्या आकृतीवर तळवा टेकवला होता. माझं वाक्य संपल्यावर हात तसाच ठेवून ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्याकडून.’

आवाजात चीड नव्हती. डब्यात कुणी झोपेतून दचकून ‘दहिसर गेलं का?’ विचारलं की ‘नाही, मीरा रोड आहे’ असं ती सांगते, तसा आवाज. मी घाईघाईने म्हटलं, ‘अगं, पोर्तुगीजांकडून. तुम्ही कुठे त्यात?’ तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ‘आपल्या’मध्ये मी तिला घेतलंच नव्हतं, आणि आता ‘त्यांच्या’मधूनही बाहेर काढलं होतं. मग १७३९ च्या त्या मे महिन्यात तिची माणसं उभी होती तरी कुठे?

ती हसली. आम्ही सगळ्या भरीत-भाकरी खायला गेलो.

हिंदीत ‘हम’ म्हटलं की काम भागतं. मराठी तशी सोडत नाही. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो, आणि बोलणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं. लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांतला फरक त्याला कुणी शिकवत नाही. मी पन्नाशीकडे आलेली बाई, मराठीवर जीव असलेली, आणि तिच्या तोंडासमोर मी ‘आपल्या’ म्हणताना तिला त्यात धरलं नाही. मुद्दाम केलं असतं तर माफी मागता आली असती. ते सवयीने झालं, आणि ही सवय मला लागली कधी, हे शोधत मी महिनोन्‌महिने मागे मागे जात राहिले.

माझी आई नाशिकची. माझा आवाज लहानपणापासून मोठा. चाळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मैत्रिणीला मी हाक मारली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘झाली सुरू नारोशंकराची घंटा!’ नाशिककरांना हे सांगायला नको. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची ती घंटाही वसईच्याच विजयाची. तिच्यावर साल आहे १७२१. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, नारोशंकर नावाचा कुणी मोठ्या आवाजाचा माणूस असावा. पुढे आजोळी गेल्यावर मामाने घंटा दाखवली, तिचा घाट आपल्या घंटांसारखा नाही हे दाखवलं आणि ‘फिरंग्यांची’ असं सांगितलं. मला आठवतो तो अभिमानाचा झटका. माझ्या आवाजाला ज्या घंटेचं नाव मिळालं ती लढाईत जिंकलेली होती! तो अभिमान खोटा नव्हता. आजही त्या घाटावर उभी राहिले तर तो पुन्हा वर येईल. पण माझ्या आवाजाचं नाव एका चर्चच्या मनोऱ्यावरून आलं आहे, आणि त्या मनोऱ्याखाली रविवारी कुणीतरी मिस्साला येऊन उभं राहत असणार, हे मेणवलीपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं.

शाळेत आम्हाला युरोपातली क्रुसेड्स, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्त्यांनी मुसलमानांशी केलेली युद्धं, ‘धर्मयुद्धे’ या नावाने होती. त्या शब्दाने मी तेव्हाही गोंधळायचे, कारण घरी गीतेचा दुसरा अध्याय पाठ होता आणि तिथलं धर्मयुद्ध निराळं. इतिहासाच्या पेपरात ‘कारणे द्या’मध्ये हमखास एक प्रश्न यायचा: युरोपीय लोकांनी भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला. उत्तर ठरलेलं. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुश्कीचा मार्ग अडला, म्हणून. तीन गुण. मिरी, लवंग, व्यापार. शिडांवर क्रूस का होता हे त्या उत्तरात नव्हतं, आणि माझ्या मैत्रिणीपर्यंत येणारी वाट तर तिथूनच जाते.

ती वाट मी या वर्षी रात्री जागून वाचत काढली. १०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये क्लेरमाँ इथे पोप अर्बन दुसरा जमावापुढे उभा राहतो, जेरुसलेम सोडवायला चला म्हणतो. १०९९ च्या जुलैत जेरुसलेम पडतं आणि शहरात भीषण कत्तल होते. तिथे मंदिराच्या टेकडीवर टेम्पलर नावाच्या लढवय्या साधूंचा पंथ उभा राहतो. दोनशे वर्षांनी, १२९१ मध्ये, अक्का हे शेवटचं मोठं ठाणं जातं. १३१२ मध्ये पोपच तो पंथ मोडतो. पण पोर्तुगालचा राजा दिनीश त्याची मालमत्ता वाया जाऊ देत नाही. १३१९ मध्ये तो त्याच पायावर नवा पंथ उभारतो, ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’. पुढे शंभर वर्षांनी त्याच पंथाची सूत्रं राजपुत्र हेन्रीकडे येतात, ज्याला आपण दर्यावर्दी हेन्री म्हणून पाठ केला. त्याची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली खाली सरकत राहिली ती या पंथाच्या पैशावर, आणि शिडांवरचा लाल क्रूस याच पंथाचा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं ज्यांच्या हाती दिली, ते त्या क्रुसाखाली आलेले होते. मिरी त्यांना हवीच होती. पण निम्मं जेरुसलेम त्यांच्याबरोबर जहाजात चढलेलं होतं.

आणि त्यांचं लिस्बन! ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. ११४७ मध्ये जेरुसलेमकडे निघालेला इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन लढवय्यांचा काफिला वाटेत पोर्तुगालच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या राजाने त्यांना थांबवून घेतलं: शहर मूर मुसलमानांच्या ताब्यात आहे, जिंकायला मदत करा, लूट तुमची. चार महिन्यांच्या वेढ्यानंतर ऑक्टोबरात लिस्बन पडलं. शहरात घुसलेल्यांनी जे मारले त्यांत एक म्हातारा माणूस होता, त्याचा गळा चिरला. तो लिस्बनचा बिशप होता. मुसलमान राजवटीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ख्रिस्ती तिथे होते, अरबी बोलणारे, शेजाऱ्यांसारखेच कपडे घालणारे. ख्रिस्तासाठी लढायला आलेल्यांना शहराचा ख्रिस्ती धर्मगुरू ओळखू आला नाही, किंवा आला असेल आणि फरक पडला नसेल. वेढ्यात असलेल्या एका इंग्रजाने हे लिहून ठेवलं आहे, आणि हे अन्यायाने झालं असंही त्याने लिहिलं आहे. मी पुस्तक मिटलं आणि मला घंटेवर टेकलेला तळवा दिसला.

त्या युद्धांचं हे नेहमीचंच आहे. १०९६ मध्ये पहिली झुंड जेरुसलेमकडे निघाली तेव्हा शत्रू हजारो मैल दूर होता, म्हणून तिने आधी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या गावांतल्या ज्यूंची कत्तल केली. १२०४ मध्ये चौथी मोहीम जेरुसलेमला पोचलीच नाही. तिने कॉन्स्टँटिनोपल लुटलं, जगातलं सर्वांत मोठं ख्रिस्ती शहर. तिथून नेलेले ब्राँझचे चार घोडे अजून व्हेनिसमध्ये आहेत, आणि तिथल्या दोन संतांच्या अस्थी पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी २००४ मध्ये परत दिल्या. आठशे वर्षांनी. ती बातमी तेव्हा मी वाचली असेल तर मला आठवत नाही. आता वाचताना मी एवढंच पाहत होते, की देणाऱ्याने काय शब्द वापरले असतील. ‘तुमच्या’ म्हणाला असेल की ‘आपल्या’?

घंटांची तर फार जुनी कथा आहे. ९९७ मध्ये कॉर्डोबाचा सेनानी अल-मन्सूर याने स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं सँतियागो हे तीर्थ उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून कॉर्डोबाला नेल्या. मशिदीत त्यांचे दिवे केले. उलट्या टांगलेल्या घंटा, त्यांत तेल, वात. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा फर्नांदोने कॉर्डोबा जिंकलं, त्या घंटा उतरवल्या आणि मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून सँतियागोला परत पाठवल्या. मधे दोनशे एकोणचाळीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत घंटा कुणी विसरलं नव्हतं, आणि कुणाच्या खांद्यांवरून गेल्या हे तर मुळीच नाही. मी त्या कैद्यांचाच विचार करते. तोच रस्ता, तेच वजन, फक्त खांदे बदललेले. चिमाजी अप्पांना सँतियागो ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण १७३९ च्या उन्हाळ्यात वसईच्या किल्ल्यातून जे लोक त्यांच्यासमोरून बाहेर पडले, त्यांच्या पूर्वजांच्या घरात घंटा नेणं आणि आणणं म्हणजे काय, हे मुरलेलं होतं.

मी राहते तिथून मंडपेश्वराची लेणी चालत वीस मिनिटांवर आहेत. बोरिवली-दहिसरच्या लोकांना ती श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीपुरती आठवतात. एरवी सकाळी गेलात तर आत गारवा, ओल्या दगडाचा आणि उदबत्तीचा वास, आणि नाचणारा शिव, अर्धा झिजलेला. डोक्यावर, खडकाच्या माथ्यावर, पोर्तुगीज मठाच्या उघड्या भिंती आभाळाला भिडलेल्या. सोळाव्या शतकात त्यांनी हे लेणं चर्च करून टाकलं होतं. मोकळ्या बाजूच्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस अजून आहे. तिथे आधीचं शिल्प होतं, ते तासून क्रूस काढलेला. मी त्या भिंतीसमोर लहानपणापासून उभी राहत आले आहे आणि दर वेळी आतडं पिळवटतं. कुणीतरी छिन्नी घेऊन दिवसभर त्या शिल्पावर बसला असेल. म्हणून मला असं म्हणता येत नाही, की वसईची मोहीम निव्वळ सत्तेची होती. साष्टीतल्या लोकांच्या गाऱ्हाण्यांना आधार होता. देवळं पाडली होती, सण-संस्कारांवर बंधनं होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायपीठ, बसलेलं होतं. अंजूरच्या गंगाजी नाइकांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षं खेटे घातले ते उगाच नाही. मेणवलीच्या घंटेपाशी मी जे सांगितलं त्यातलं काही खोटं नव्हतं.

मात्र त्या इन्क्विझिशनचे चटके पहिल्यांदा कुणाला बसले हे पाहायला मला ऑफिसपासून दहा मिनिटंही चालावं लागत नाही. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर दुपारी डबा खाताना मागे नौदलाची गोदी असते. त्या भागात गार्सिया द ओर्ताचं घर होतं. हा पोर्तुगीज वैद्य, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापला, आंब्याबद्दल लिहिलं, हकीम-वैद्यांकडून शिकला. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, जबरदस्तीने ख्रिस्ती झालेले. तो मेल्यावर त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. राजा त्यांचा, धर्मपीठ त्यांचं, आणि जाळलेला माणूसही त्यांच्यातलाच. ‘त्यांच्याकडून’ म्हणताना मी एवढ्या सगळ्यांची एक मोट बांधली होती.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, ठाण्याला असतो. गणपतीत आला होता तेव्हा त्याच्या मोबाइलवरच्या खेळात पांढऱ्या अंगरख्यावर लाल क्रूस घातलेला शिपाई होता आणि नावाच्या जागी त्याने लिहिलं होतं ‘डिउस व्हल्ट’. मी अर्थ विचारला. ‘काही नाही गं मावशी, असं म्हणतात जिंकल्यावर.’ पहिल्या धर्मयुद्धाचा नारा आहे तो: देवाची इच्छा. मला एकदम ‘ही तो श्रींची इच्छा’ आठवलं आणि मी दचकले. दोन्ही एक नव्हेत. आपल्या मातीत आपलं राज्य उभं करणं वेगळं आणि समुद्रापलीकडचं शहर जिंकायला निघणं वेगळं, हे मला कळतं. तरीही ते दोन शब्द मनात शेजारी उभे राहिले ते राहिलेच. त्या मुलाला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्यापर्यंत नऊशे वर्षं चालत आलेला शब्द विनोद होऊन आला आहे. मोठ्यांच्या हाती मात्र तोच शब्द विनोद राहत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ओसामा बिन लादेनच्या जाहीरनाम्याचा रोखच ‘ज्यू आणि क्रुसेडरां’वर होता. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर पाचव्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष बुश बोलून गेले, ‘हे क्रुसेड’. दमास्कसला, क्रुसेडरांकडून जेरुसलेम परत घेणाऱ्या सलाउद्दीनच्या कबरीत शेजारी शेजारी दोन शवपेट्या आहेत. एक जुनी लाकडी, तिच्यात तो आहे. दुसरी संगमरवरी, जर्मन कैसरच्या १८९८ च्या भेटीची आठवण म्हणून दिलेली, रिकामी. पुढाऱ्यांना ती दुसरीच जास्त उपयोगी पडत असावी.

पण मी शोधत होते ती माझी स्वतःची सवय, आणि ती मला सापडली दादरच्या चाळीच्या गच्चीवर.

जानेवारी १९९३, मुंबईतल्या दंगलीचे दिवस. मी अकरा वर्षांची. रात्री चाळीतले पुरुष गच्चीवर पहारा द्यायचे, बाबाही जायचे. हातात माझ्या भावाची क्रिकेटची बॅट. जिन्यातले दिवे बंद. चौपाटीवर होड्यांतून ‘ते’ उतरणार आहेत, अशी बातमी रोज रात्री यायची आणि रोज कुणीच उतरायचं नाही. बाबा सज्जन माणूस. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. कोपऱ्यावरचा त्यांचा घड्याळवाला मुसलमान होता, त्याच्याकडे आठवड्यातून एकदा तरी त्यांची फेरी असायची. त्या रात्रींत मी आईला विचारलं, ‘ते म्हणजे घड्याळवाले चाचापण?’ आईने माझ्या तोंडावर हात ठेवला, इतक्या मऊपणे की मला तो अजून जाणवतो. उत्तर दिलं नाही. महिनाभराने दुकान उघडलं, बाबा पुन्हा जाऊ लागले, तो विषय दोघांनीही काढला नाही. मात्र ‘आपण’ या शब्दाला त्या गच्चीवर एक कठडा बसला. मी त्याच्या आत मोठी झाले. मेणवलीला जी बाई बोलली ती तिथूनच बोलली.

मे महिन्यात मी तिला म्हटलं, मला तुझ्याकडे यायचंय. तिने कारण विचारलं नाही. ‘ये, आई सुकेळी करतेय’ म्हणाली. वसई रोडला उतरून बसने गेलं की दहाव्या मिनिटाला मुंबईचा वास संपतो. केळीच्या बागा, विहिरीवरचा पंप, कुंपणाला जास्वंद, आणि प्रत्येक वळणावर चुना दिलेला क्रूस, त्याला सोनचाफ्याची माळ. माळ अगदी आमच्या घरातल्या तसबिरीला घालतो तशीच ओवलेली. तिची आई लाल लुगड्यात, अंगणात वाळत घातलेल्या राजेळी केळ्यांवरच्या माश्या पदराने उडवत बसली होती. सोललेली केळी उन्हात तांबूस होत आली होती, अंगणभर मधासारखा वास. मैत्रिणीनेच सांगितलं तिला, वाईला आपली घंटा पाहिली म्हणून. घरात बोलताना ती ‘आपली’ म्हणाली, हे माझ्या कानाने टिपलं.

‘आपली कशाची?’ मावशी म्हणाल्या. ‘कोटात आमचं कोण राहायचं? गोऱ्यांची घंटा ती. आमची माणसं बाहेर, शेतावर.’

‘मिस्साला तर जायचेच ना?’

‘जायचे. म्हणून घंटा आमची झाली?’

मग दोघी कादोडीत शिरल्या आणि मला निम्मंच कळत राहिलं. आवाज चढले. भांडण माझ्यासाठी चाललेलं नव्हतं, ते बहुधा आधीपासूनचं होतं. मैत्रीण म्हणत होती की घंटेवर मरियम आहे म्हणजे आपला हक्क आहे, आणि मावशींचं म्हणणं असं काहीसं, की पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांनी आम्हाला बरोबर नेलं का? मला वाटलं होतं, इथे येऊन मला एक ‘त्यांची बाजू’ मिळेल. तिथे अंगणातच दोन बाजू बसल्या होत्या, मायलेकी, एकाच सुपातली केळी परतत. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा कुणी कुणी काय बोललं तेही त्यात निघालं. ‘तेव्हा पण आम्हाला विचारलं, तुम्ही मराठी कशे?’ मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मला मान वर करता आली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘वाजवतात का गं बाय ती आता?’

मी म्हटलं, ‘येणारे-जाणारे वाजवतात.’

‘रोज?’

‘रोजचं नाही माहीत.’

त्या पुन्हा केळ्यांकडे वळल्या.

संध्याकाळी आम्ही दोघी किल्ल्यात गेलो. दरवाज्यातून आत गेलं की वडाच्या मुळ्यांनी धरलेल्या भिंती, ताडगोळेवाले, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. एक मुलगी लांब घोळाचा निळा झगा सावरत मोडक्या कमानीत उभी होती. चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, त्याला ताजा हार होता. गोन्सालो गार्सियाचं चर्चही आहे. वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर चढवून मारलेला संत. त्याच्या नावाचा सण अजून इथे होतो, मैत्रीण लहानपणी नवा फ्रॉक घालून यायची. पुतळ्यासमोर आम्ही थांबलो. तिने चप्पल काढली, मी काढली. मग चर्चच्या भिंतींत गेलो, तिथे मी काढली, तिने काढली. बोललो काहीच नाही. सेंट जोसेफच्या मनोऱ्याकडे वर पाहत ती म्हणाली, ‘अशाच कुठल्यातरी भोकात असेल ती.’ वर कबुतरं होती. त्या रिकाम्या चौकोनातून आभाळ दिसत होतं आणि खाडीवरचा वारा आत येत होता. मी तिला मेणवलीबद्दल ‘माझं चुकलं’ असं म्हणायला तयार होऊन आले होते. वाक्य जुळवलेलं होतं. ती म्हणाली, ‘चल, सहा-वीसची गेली तर पुढची भरून येईल,’ आणि आम्ही निघालो. पिशवीत केळीच्या पानात बांधलेली सुकेळी होती, माझ्या घरासाठी, आणि आणखी एक पुडी डब्यासाठी.

परवाची गोष्ट. पाऊस, डब्यात ओल्या छत्र्यांचा वास, खाली पायांत पाणी. आमच्या ग्रुपात एक नवी मुलगी यायला लागली आहे, नालासोपाऱ्याची, पहिलीच नोकरी. ती कुणाच्या तरी मोबाइलवर सहलीचे फोटो बघत होती. घंटेभोवती अकरा जणी, एकीचा हात घंटेवर. ‘ही कुठली घंटा?’ तिने विचारलं. दोघी-तिघींनी माझ्याकडे बोट केलं, ‘ही सांगते छान.’ अंधेरी आलं. मैत्रीण उठली, मी तिच्या जागेवर बसले, ती वरची कडी धरून माझ्यासमोर उभी राहिली. ‘सांग ना,’ ती म्हणाली. ‘मलापण ऐकायचीय.’

तोंडाशी आलेला पहिला शब्द मी गिळला. दुसराही.

‘वसईच्या किल्ल्यात एक घंटा होती,’ मी म्हटलं. ‘तिच्यावर मरियम आहे, बाळाला घेतलेली. १७०७ सालची.’

‘मग?’ मुलीने विचारलं.

बाहेर पार्लं मागे पडत होतं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

‘मग तिथे लढाई झाली,’ मी म्हटलं.